आमच्या वाणांचा डीएनए नेलात, आता उत्तरही गावात येऊ द्या

प्रति,
महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांत आणि विज्ञान महाविद्यालयांत डीएनए मार्करच्या साहाय्याने पिकांची जनुकीय विविधता तपासणारे सर्व मार्गदर्शक प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधाचे विषय ठरवायचे दिवस आले की एक विषय हमखास पुढे येतो : अमुक तालुक्यातल्या तमुक पिकाच्या स्थानिक वाणांची जनुकीय विविधता, डीएनए मार्करच्या, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणांच्या, आधारे. भात, वाल, नाचणी, वरई, कोकम, फणस, रायवळ आंबा. पीक बदलते, शीर्षक साधारण तेच राहते. हा विषय विद्यार्थ्यांना जरूर द्यावा, असेच माझे मत आहे. तो कसा द्यावा आणि त्यातून निघालेले उत्तर शेवटी कोणाच्या हाती पडावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी स्वतः वनस्पती जैवतंत्रज्ञान शिकले. कोवळी पाने द्रव नायट्रोजनमध्ये कुटायची, सीटॅब या रसायनाच्या द्रावणातून डीएनए वेगळा करायचा, पीसीआर लावून त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती करायच्या आणि रात्री उशिरा अतिनील प्रकाशात, त्या तुकड्यांना लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवरच्या पट्ट्या मोजत बसायचे, हे सगळे मी केले आहे. आता सह्याद्रीतल्या गावांत देशी बियाणे जपणाऱ्या महिला गटांबरोबर आणि भात पिकवणाऱ्यांबरोबर काम करते. दोन्हीकडची माणसे मला जवळची आहेत. दोघांमध्ये पडलेले अंतर मात्र बघवत नाही.

अकोले तालुक्यातल्या वालापासून सुरुवात करते. देशी बियाणे जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून देशी वालाबद्दल शहरांतही कुतूहल वाढले आहे. पण बियाण्याच्या गटात बसले की कुतूहलाच्या पुढचे प्रश्न निघतात. सुपात दोन मुठी वाल शेजारी शेजारी ओतलेले असतात. दोन्ही तांबूस, दोन्हींच्या कडेला तीच पांढरी शिवण. एक दाणा किंचित चपटा, दुसरा थोडा फुगीर. एकीने तो माहेराहून आणलेला, दुसरीकडे सासूच्या वेळेपासूनचा. दोघींची नावे वेगळी. एक म्हणते, माझा वेल उशिरापर्यंत शेंगा देतो. दुसरी म्हणते, माझ्या शेंगेला वास जास्त. मग माझ्याकडे वळून विचारतात, "ताई, हे एकच का दोन?"

हा प्रश्न हौसेचा नाही. बियाणे डब्यात ठेवून जपता येत नाही. ते ठरावीक काळाने पेरून ताजे करावे लागते. प्रत्येक वाणाला वेगळी जागा, वेगळा मांडव, वेगळी राखण लागते. वालावर मधमाश्या फिरतात, त्यामुळे वाण थोडे अंतरावर लावावे लागतात. दोन वाण खरोखर एकच असतील, तर एका मांडवाचे कष्ट वाचतात आणि तिथे तिसरा वाण जगतो. ते वेगळे असूनही एक समजून टाकून दिले, तर तो वाण गेला. पुन्हा कुठून आणणार? रंगरूप पाहून याचे खात्रीलायक उत्तर देता येत नाही, कारण पाने, शेंगा, फुलोऱ्याची वेळ यांवर जमिनीचा, पाण्याचा आणि पेरणीच्या तारखेचा परिणाम होतो. डीएनएवर होत नाही. पान बांधावरचे असो की सावलीतले, त्यातला क्रम तोच असतो. म्हणून या बायकांना मार्करची गरज आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याइतकीच आहे, किंबहुना जास्त.

भाताची गोष्ट नेमकी उलटी. तिथे नाव एक आणि आत बरेच काही. आजऱ्याच्या घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी ज्या शेतकऱ्यांनी घरचेच बियाणे वर्षानुवर्षे राखले आहे, त्यांच्या खाचराच्या बांधावर लोंब्या पिवळ्या पडायच्या सुमारास उभे राहून पाहा. काही लोंब्यांच्या तुसाला टोकाशी गडद छटा असते, काहींना नसते. चार रोपे आधी निसवलेली, म्हणजे लोंब्या बाहेर पडलेली, चार मागे राहिलेली. एखाद्या फुटव्याला बारीक कुसळ. शेतकरी यातल्या काहींना भेसळ म्हणतो आणि काही मुद्दाम राखतो. मग विद्यार्थी येतो, नाव लिहून घेतो, मूठभर भात पिशवीत भरतो आणि प्रयोगशाळेत त्यातला एक दाणा रुजवून त्या एका रोपाचा डीएनए काढतो. त्या एका रोपाला पुढे प्रबंधात 'घनसाळ' म्हटले जाते.

माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. भात स्वपरागित आहे. परपरागण सहसा एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे स्थानिक वाणातले प्रत्येक रोप स्वतःपुरते जवळजवळ शुद्ध असते, पण शेजारचे रोप वेगळ्या ओळीचे, म्हणजे वेगळ्या वंशपरंपरेचे, असू शकते. म्हणजे देशी वाण हा अनेक शुद्ध ओळींचा समुदाय आहे. त्यातले एक रोप तपासले तर एका ओळीची माहिती मिळते, वाणाची नाही. दहा रोपांची पाने एकत्र कुटून एकच नमुना केला तरी अडचण सुटत नाही. पट्ट्या एकमेकींवर चढतात, कोणती कोणत्या रोपाची ते कळत नाही आणि क्वचित आढळणारे प्रकार फिकट पडून नजरेतून सुटतात. मग आपण वाणावाणांमधला फरक मोजतो, वाणाच्या आतला फरक मोजतच नाही. आणि बियाणे जपणाऱ्याच्या दृष्टीने आतलाच फरक महत्त्वाचा असतो. पाऊस लांबला तर आधी निसवणारी चार रोपे हाती काहीतरी देतात.

या आतल्या फरकाचे मोल किती, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. खाजन जमिनीत, खाऱ्या पाण्याच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या लावला जाणारा कोरगुट हा तिथला देशी भात. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटमधूनच शुद्ध ओळींची निवड करून क्षार सहन करणारे गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण दिले. कोरगुट आतून एकसारखा असता, तर निवडायला होते काय?

ओडिशातले उदाहरण तर जगभर गाजले. तिथल्या धुल्लापुटिया या स्थानिक भातातून एफआर १३ए ही ओळ निवडलेली होती. पूर्ण पाण्याखाली जाऊनही ती तग धरते, हे भात संशोधकांना अनेक दशके माहीत होते. पण तिच्यातला गुण चांगल्या उत्पादनाच्या वाणात आणायला गेले की नको ते गुणही सोबत यायचे. डीएनए मार्करमुळे तो गुण नवव्या गुणसूत्रावर नेमका कुठे आहे ते सापडले, २००६ साली सब-१ए हे जनुक ओळखले गेले, आणि मार्करचा हात धरून ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात उतरवले गेले. २००९ साली भारतात प्रसारित झालेला स्वर्णा-सब १ सुमारे दोन आठवडे बुडून राहिला तरी पुन्हा उभारी धरतो. एका देशी भाताच्या पोटातली एक ओळ कोणीतरी वेळेवर वेगळी काढून ठेवली होती, म्हणून हे झाले.

तेव्हा विनंती अशी. एका गावातल्या एका शेतकऱ्याच्या भातातून निदान वीसेक रोपे स्वतंत्रपणे घ्या. वाणांची संख्या त्यासाठी कमी करावी लागली तरी चालेल. मका, बाजरी यांसारख्या परपरागित पिकांत प्रत्येक रोप वेगळेच असते, तिथे आणखी जास्त रोपे लागतील. ज्या रोपाचे पान घेतले, त्याला खूणचिठ्ठी बांधा आणि त्याच रोपाची लोंबी पुढे वेगळी काढून ठेवा. मग जेलवर काही वेगळे दिसले, तर ते वेगळेपण बियाण्याच्या रूपातही हातात असेल. नाहीतर विद्यार्थ्याला एक दुर्मीळ पट्टी सापडते आणि ती पट्टी असलेले झाड जगात कुठे आहे ते कोणालाच माहीत नसते.

दुसरी गोष्ट मार्करच्या निवडीची. आरएपीडी ही डीएनएच्या कुठल्याही तुकड्यांच्या प्रती काढून त्यांची तुलना करणारी पद्धत १९९० साली आली तेव्हा ती क्रांतिकारकच होती. पिकाच्या जनुकसंचाची काहीही माहिती नसताना दहा अक्षरांचा प्राइमर, म्हणजे प्रत कुठून काढायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा, घ्यायचा आणि काम सुरू करायचे. ज्या रानभाज्यांवर, कंदांवर अजून काहीच झालेले नाही, तिथे आयएसएसआरसारख्या, पूर्वमाहितीशिवाय चालणाऱ्या पद्धती आजही उपयोगी आहेत. पण भातात आरएपीडीवर थांबायचे कारण उरलेले नाही. तापमान, एन्झाइम, डीएनएची शुद्धता यांत जरा फरक पडला की आरएपीडीच्या पट्ट्या बदलतात. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीकडे जुळत नाही. शिवाय या पट्ट्यांवरून रोप मिश्र आहे की शुद्ध, हे सहसा कळत नाही. भाताचा संपूर्ण जनुकसंच आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून उलगडला, त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात भारतीय शास्त्रज्ञांनी अकराव्या गुणसूत्रावर काम केले. त्यानंतर एसएसआर मार्करची कमतरता नाही. डीएनएत 'जीए जीए जीए' अशी छोटी अक्षरे सलग पुन्हा पुन्हा येतात, आणि ती किती वेळा येतात हे ओळीओळीत बदलते. एसएसआर हीच संख्या मोजतो. भाताच्या विविधतेसाठी बारा गुणसूत्रांवर पसरलेल्या ५० एसएसआरचा प्रमाणित संच आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरला गेला आहे. त्यातले शक्य तेवढे मार्कर सगळ्यांनी समान घेतले आणि प्रत्येक वेळी तुलनेसाठी तेच दोन-तीन ओळखीचे वाण सोबत लावले, तर आजऱ्याचा प्रबंध मुळशीच्या प्रबंधाशी बोलू शकेल. आज प्रत्येक प्रबंध स्वतःपुरता उभा असतो. आंबेमोहराचे काम एका ठिकाणी, काळा जिरगा आणि जोंधळा जिरगा या भातांचे दुसरीकडे, आणि त्यांचे आपसात नाते काय, हे कोणत्याही एका तक्त्यात सापडत नाही.

एसएनपी, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे फरक, आणि संपूर्ण क्रमवाचन आता आवाक्यात येत आहे, तीन हजार भातांचे क्रमवाचन २०१४ सालीच जगासमोर आले, हे आपण जाणताच. साधन कोणते असावे यावर मी अडून बसणार नाही. नमुना चुकला तर महागातल्या महाग यंत्रातूनही चुकीचेच उत्तर अधिक बारीक होऊन बाहेर येते.

आता एक इशारा द्यायचा आहे, आणि तो मला फार कळकळीने द्यायचा आहे. प्रबंधाच्या शेवटी वाणांचा वंशवृक्षासारखा आराखडा येतो. दोन वाण एकाच फांदीवर चिकटून बसले की 'हे बहुधा पुनरावृत्त नमुने आहेत' असे वाक्य लिहिले जाते. हे वाक्य लिहिताना हात आखडता घ्या. वीस-पंचवीस मार्कर मुख्यतः जनुकांच्या बाहेरच्या भागातले असतात. ते वंशाची जवळीक सांगतात, गुणांची नाही. दोन सख्ख्या भावांचे कूळ एक असले म्हणून दोघांच्या हातातले कसब एक असेलच असे नाही.

सुवासिक भातांचेच पाहा. आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच २ हे जनुक आहे. त्याच्या सातव्या भागातली फक्त आठ अक्षरे गळाली की जनुक बंद पडते, आणि भातात सुवास आणणारे रसायन साठू लागते. बासमतीसह अनेक सुवासिक तांदळांत हाच बदल सापडतो, हे २००५ साली दाखवले गेले. समजा दोन ओळी बाकी सगळ्या मार्करवर एकसारख्या आहेत आणि फक्त या आठ अक्षरांत वेगळ्या आहेत. पंचवीस एसएसआर त्यांना जुळी ठरवतील. ताटात मात्र एक वास देईल, दुसरी देणार नाही. ज्या बाईने वासासाठी तो भात राखला, तिला आपण 'तुझा आणि शेजारणीचा एकच आहे' असे सांगितले आणि तिने विश्वास ठेवला, तर नुकसान कोणाचे? म्हणून मार्करच्या आराखड्याशेजारी शेतकऱ्याने सांगितलेला गुण लिहिलाच पाहिजे : हळवा की गरवा, वास आहे की नाही, भाकरीला बरा की भाताला, पेंढा गुरे खातात का, बाळंतिणीला कोणता देतात. हे रकाने आपल्या प्रबंधांत नसतात. ते भरायला खर्च येत नाही, वेळ लागतो.

आता निकालाकडे येते. मी ज्या गटांबरोबर काम करते, त्यांच्यापैकी एका गटाकडे काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे विद्यार्थी आले होते. कणग्यांतून, मडक्यांतून, शिंक्यावरच्या गाठोड्यांतून बायकांनी त्यांना बियाणे काढून दिले, जेवू घातले, वाणाची नावे पुन्हा पुन्हा सांगितली. नंतर काहीच आले नाही, पत्र नाही की फोन नाही. पुढे मला तो प्रबंध पाहायला मिळाला. काम मेहनतीने केलेले होते. पण त्यात बायकांची वाणे क्रमांक होऊन बसली होती, गावाऐवजी फक्त तालुका होता आणि कोणाचा वाण कोणता, हे शोधायला वाटच नव्हती. गटातल्या एका आजींनी विचारले, "काय निघालं त्यातून?" मी प्रबंध वाचून जमेल तसे सांगितले. ते सांगणे माझे काम नव्हते, त्या विद्यार्थ्याचे होते. खरे तर त्याच्याकडून ते करून घेणे हे त्याच्या मार्गदर्शकाचे काम होते.

निकाल परत देणे अवघड नाही. प्रत्येक बियाणेधारकाला मराठीत एक पान द्या. वर वाणाचे त्याने सांगितलेले नाव, त्याचे स्वतःचे नाव त्याची हरकत नसेल तर, गाव, तारीख. खाली चार गोष्टी साध्या शब्दांत : तुमच्या वाणात आत किती वेगवेगळ्या ओळी सापडल्या, तो आमच्या संग्रहातल्या कोणत्या वाणाच्या जवळ आहे, इतरत्र न सापडलेले काही तुमच्याकडे आहे का, आणि आमच्या मते यातले काय आवर्जून राखावे. जेलचा फोटो लावलात तर उत्तमच. बायका तो नीट पाहतात, पट्ट्यांमधला फरक पटकन ओळखतात. दाणे निवडण्यात हयात गेलेल्या डोळ्यांना तो अवघड जात नाही.

या एका पानाचा पुढे कायद्याच्या कामातही उपयोग आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या किंवा गटाच्या नावे नोंदवता येतो, आणि त्याला नोंदणी शुल्क नाही. नोंदणी होते ती वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य यांच्या कसोटीवर, तीही दिसणाऱ्या लक्षणांवर. भातासाठी अशी ६२ लक्षणे आहेत. शेतकऱ्यांच्या वाणांना एकसारखेपणात सूटही आहे. डीएनएचा तक्ता या कसोटीची जागा घेत नाही. पण आपला वाण कोणत्या वाणापासून वेगळा दाखवायचा आहे, हे अर्ज भरण्याआधी कळले तर निम्मे काम सोपे होते. आज ते कळत नाही आणि अर्ज रखडतात.

बाजाराचेही तसेच. बासमतीचे काय झाले ते पाहा. ब्रिटनमध्ये २००५ साली व्यापाऱ्यांनी आणि नियामकांनी मिळून नियमावली केली आणि बासमतीत इतर तांदूळ सात टक्क्यांहून जास्त नसावा असे ठरले. ते तपासायचे कसे? डीएनए मार्करने. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या मोदीपुरमला बासमतीसाठी स्वतंत्र डीएनए प्रयोगशाळा आहे. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे, आजऱ्याच्या घनसाळला आहे. पण पुण्याच्या किंवा मुंबईच्या दुकानात त्या नावाने विकला जाणारा आखूड दाण्याचा तांदूळ खरोखर तोच आहे का, हे तपासायला मुळात खऱ्या आंबेमोहराची, त्याच्या आतल्या सगळ्या ओळींसह, नोंद हवी. एका रोपाच्या नोंदीवर अशी तपासणी उभी केली, तर उद्या खऱ्या शेतकऱ्याचाच तांदूळ नकली ठरेल. नमुन्याबद्दल मी एवढे पोटतिडकीने लिहिले, त्यामागे हेही एक कारण आहे.

परवानगीचा विषय थोडक्यात. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. नमुने नेण्याआधी समितीला लेखी कळवा आणि निकालाची प्रत त्या नोंदवहीला जोडा. अनेक गावांतल्या नोंदवह्यांत वाणांची फक्त नावे आहेत. त्यांत तुमच्या विद्यार्थ्याचे एक पान पडले, तर ती नोंदवही पहिल्यांदा जिवंत होईल. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. त्यातल्या सात विषयांपैकी एक विषय स्थानिक पीक वाणांचाच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक कोषात उणे १८ अंशांवर बियाणे ठेवायची सोय आहे, तो चालवणाऱ्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या विदर्भातल्या अकोला शहरात आहे. म्हणजे पैसा, कायदा आणि शीतगृह तिन्ही आहेत. गाव आणि प्रयोगशाळा यांच्यामधला माणूस तेवढा कमी पडतो आहे, आणि तो माणूस दरवर्षी तुमच्या विभागात प्रवेश घेतो.

यावर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून नेमके सांगते. भात लावून महिना झाला, फुटवे येऊ लागले की विद्यार्थ्याला पानांसाठी पाठवा. गरवे भात निसवायला लागले की खुणा केलेल्या रोपांची लक्षणे लिहायला दुसऱ्यांदा पाठवा, आणि कापणीआधी लोंब्या वेगळ्या काढायला तिसऱ्यांदा. विषय मंजूर करतानाच या तिन्ही फेऱ्या आणि निकालाचे पान त्यात लिहून घ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात वेळ नाही म्हणून ते गळणार नाही. अकोले, आजरा आणि मुळशीकडचे काही गट बियाणे दाखवायला आणि त्यातले थोडे द्यायला तयार आहेत. विद्यार्थ्याच्या राहण्याची आणि जेवणाची सोय गट करतील. कोणत्या खाचरात कोणता वाण आहे याची यादी आमच्याकडे तयार आहे, मागाल तेव्हा पाठवू.

आपली,
बियाणे गटांबरोबर काम करणारी एक माजी विद्यार्थिनी